अठ्ठावन्न वजा

४ जानेवारी

आई,

सही ‘काळजीत पडलेली एक मालकीण’ अशी केलीस म्हणजे मला कळणार नाही, असं वाटलं होय तुला? तुझं अक्षर मी झोपेतसुद्धा ओळखीन. साप्ताहिकाच्या कचेरीतून दर सोमवारी माझ्या सदराची पत्रं येतात. त्यात कुणाच्या मांजरीला पिसवा असतात, कुणाच्या पोपटाची पिसं झडतात, कुणाच्या सशाचे दात वाढतात. या सोमवारी त्यात तू निघालीस. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तुझं पत्र सदरात छापणार नाही, आपली धुणी लोकांना कशाला दाखवू? पण मी जनावरांची डॉक्टर आहे, तुझ्याकडे कुत्रा आहे आणि तू सल्ला विचारलायस. तर तेवढा देते. काही गोष्टी मात्र आधीच सांगते. फोन करायचा नाही. बाबांचा विषय काढायचा नाही. तुझी बाजू, नातेवाइकांचं, शेजाऱ्यांचं, तब्येतीपाण्याचं, काही म्हणजे काही नको. कुत्र्याशिवाय एक ओळ जरी लिहिलीस तरी पुढचं पाकीट न फोडता परत पाठवीन. मी बोलते ते करते, हे तुला माहीत आहे.

आता कुत्रा. तुझ्या लिहिण्यावरून ढेऱ्या (काय पण नाव ठेवलंयस!) बेसुमार सुटलाय. जिना चढताना धापा टाकतो, चार पावलं चालून बसकण मारतो, आणि तुला वाटतं हृदयाचं काही असेल. असेलही. पण आधी वजन. घरात बाबांचा वजनकाटा असेलच, वस्तू टाकायची तुझी जात नाही. कुत्रा काही काट्यावर सरळ उभा राहणार नाही. तेव्हा आधी तू एकटी उभी राहा आणि आकडा लिहून ठेव. मग त्याला उचलून घे आणि परत उभी राहा. मोठ्या आकड्यातून लहान वजा केलास की उरतो तो कुत्रा. स्वतःचं वजन एकदाच केलंस तरी पुरे, या वयात तुझं काही वरखाली व्हायचं नाही. पुढच्या वेळी नुसतं दोघांचं कर, तुझा आकडा वजा कर आणि मला कळव. मी सदरातही सगळ्यांना हेच सांगते.

बिस्किटं बंद. सकाळ-संध्याकाळ मोजून एक-एक वाटी. जेवताना टेबलाखाली बसू द्यायचं नाही.

आणि ‘बरा दिसतो’, ‘ओढल्यासारखा वाटतो’ असलं काही लिहू नकोस. मालकांच्या डोळ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. लाडाने आंधळे झालेले असतात नाहीतर आळसाने. काटा तेवढा खरं बोलतो.

— डॉक्टर


२ फेब्रुवारी

आई,

हिशोब पोचला. ‘गेल्या महिन्यात आम्ही दोघं मिळून एकाहत्तर, अठ्ठावन्न वजा, तेरा. आज साडेएकोणसत्तर, अठ्ठावन्न वजा, साडेअकरा.’ शाळेतल्या मुलीसारखं रेघा मारून लिहिलंयस. बरोबर आहे. दीड किलो उतरलं, म्हणजे औषधाशिवाय काम होतंय. जरा जास्तच भरभर उतरलं, पण सुरुवातीला तसं होतं.

मात्र दुसऱ्या पानावर जे लिहिलंयस ते वाचून कपाळावर हात मारला. ‘मला हल्ली जेवण जात नाही, ताटातलं अर्धं त्याच्याच पुढे सरकवते.’ अगं, कशासाठी पत्र लिहिलं मी तुला? तुला जेवण जात नाही म्हणून त्याने दोन ताटं का खायची? नको असेल तर कमी वाढून घे. तिखट, तेल, कांदा त्याच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. कांद्याने कुत्र्याच्या रक्तावर परिणाम होतो, हे दर तिसऱ्या सदरात लिहिते मी. तू सदर वाचतेस म्हणालीस ना? नुसता माझा फोटो बघतेस की काय?

कान खाजवतो त्याचं: आत तेल घालू नकोस. तुझ्या घरी प्रत्येक दुखण्यावर तेलच घालतात, मला माहीत आहे. कोरड्या कापसाने फक्त बाहेरचा भाग पुस. वास यायला लागला तर सांग.

‘तू कशी आहेस’ ही ओळ मी वाचली नाही असं समज.

— डॉक्टर


३ मार्च

आई,

सदुसष्ट. अठ्ठावन्न वजा. नऊ!

दोन महिन्यांत चार किलो? तेरा किलोच्या कुत्र्याचं चार किलो म्हणजे गंमत नाही. मी आधी बारीक कर म्हटलं ते खरं, पण असं नाही. वर तूच लिहितेस की खाणं उत्तम आहे, तुझंही खातो, त्याचंही खातो. खातो दोघांचं आणि घटतो, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. खालच्या प्रश्नांची उत्तरं उलट टपाली पाठव. पाणी किती पितो, पूर्वीपेक्षा जास्त का? लघवीला किती वेळा जातो? शी घट्ट की पातळ, तेलकट दिसते का, त्यात तांदळाच्या दाण्याएवढं काही पांढरं वळवळतं का? उलटी? गुंगून पडून असतो का? जंताची गोळी शेवटची कधी दिली? (दिलीच नसशील.) नाव सोबतच्या चिठ्ठीवर आहे, नऊ किलोच्या हिशोबाने दे.

काटा बिघडलाय का तेही बघून घे. तांदळाची दहा किलोची बंद पिशवी आण आणि काट्यावर ठेव.

तू लिहितेस, ‘पण उचलताना पूर्वीपेक्षा जड लागतो गं, दोनदा खाली ठेवावा लागला.’ आई, नऊ किलोचा कुत्रा तेरा किलोच्या कुत्र्यापेक्षा जड कसा लागेल? काय ते एक ठरव. म्हणूनच म्हणते, तुमच्या ‘वाटतं’वर मी औषधं देत नाही.

आणि ती गोळी! ‘माझी पोटदुखीची असते, तीच अर्धी करून देऊ का?’ मुळीच नाही. ऐकलंस? मुळीच नाही. माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, रक्त पडतं, मूत्रपिंडं जातात. माझ्या टेबलावर अशी दर महिन्याला दोन तरी येतात आणि मालक रडून म्हणतात, ‘मला बरं वाटतं म्हणून त्यालाही दिली.’ त्या गोळ्या ढेऱ्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंच ठिकाणी ठेव.

या वेळी पंधरा दिवसांनी कळव. महिना थांबू नकोस.

— डॉक्टर


२ एप्रिल

आई,

पंधरा दिवस म्हटलं होतं, तू महिना लावलास. साडेचौसष्ट. अठ्ठावन्न वजा. साडेसहा.

तुझं पत्र समोर ठेवून बसलेय. तांदळाची पिशवी बरोब्बर दहा भरली, म्हणजे काटा ठीक आहे. जंत नाहीत. पाणी नेहमीसारखं. उलटी नाही, शी चांगली. आणि कुत्रा अर्धा झालाय. खरं सांगू? काल माझ्या हाताखालच्या दोघांना हे सांगून बघितलं, पुस्तकं काढली, स्वादुपिंडापर्यंत जाऊन आले. काही बसत नाही. रात्रभर डोक्यात तोच. ज्याला मी एकदाही बघितलं नाही त्या कुत्र्याचा मला घोर लागलाय, आणि त्याचा मला राग येतोय.

तिकडे दवाखाना आहे. तिथला डॉक्टर कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे होता, हात चांगला आहे त्याचा. उद्याच्या उद्या ने, रक्त तपासून घे. तू मात्र लिहितेस, ‘मला दोन जिने उतरून तेवढं लांब जायला जमेलसं वाटत नाही. तूच येऊन एकदा बघून जा ना.’

आलं. शेवटी आलंच ते वाक्य. मी वाटच बघत होते.

आई, कुत्र्याच्या आडून मला बोलावू नकोस. मी यायला हवं होतं तेव्हा तू मला बोलावलं नाहीस. बाबांच्या पोटात गाठ होती आणि तुला तीन महिने माहीत होतं. मी रोज फोन करत होते. ‘बाबा झोपलेत’, ‘बाबा फिरायला गेलेत’, ‘बाबांचा घसा बसलाय’. का, तर माझी परीक्षा. शेवटचा पेपर टाकून बाहेर आले तर फाटकाशी मामा उभा. मी पोचले तेव्हा त्यांची खाटसुद्धा हलवली होतीस. त्या परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला, ठाऊक आहे ना? ते प्रमाणपत्र मी अजून भिंतीवर लावलेलं नाही.

बघ, विषय काढू नकोस म्हणून तुला बजावलं आणि मीच काढला.

मी येणार नाही. समोरचे इस्त्रीवाले काका अजून आहेत ना? त्यांना सांग, ते त्याला रिक्षाने नेतील. डॉक्टरशी मी बोलून ठेवलंय. साडेसहाच्या खाली गेला तर मग मला काही करता येणार नाही. त्याला मरू देऊ नकोस.

— डॉक्टर


१४ एप्रिल

आई,

आत्ताच तिकडच्या डॉक्टरचा फोन येऊन गेला. हसत होता. ‘ताई, तुम्ही म्हणालात कुत्रा खंगलाय. अहो, टेबल मोडायचं राहिलं. तेरा किलो दोनशे ग्रॅम. रक्त स्वच्छ, हृदय स्वच्छ. नुसता लठ्ठ आहे.’

तेरा किलो दोनशे ग्रॅम. जानेवारीपासून कमी होणं सोड, वाढलाय.

बाहेर चार लोक आपापली जनावरं मांडीवर घेऊन थांबले होते. ती जनावरं खरोखर आजारी होती आणि त्यांचे मालक खरं बोलत होते. त्यांना मी ताटकळत ठेवलं आणि तुझ्या पत्रांतले आकडे परत वाचले. साडेअकरा, नऊ, साडेसहा. किती शांतपणे रचलेस! दर वेळी वजाबाकीसकट, रेघा मारून. अगदी दीड-अडीच किलोंनी उतरवत आणलंस, मला संशय येणार नाही असं. आणि मी मूर्ख, पुस्तकं उघडून बसले.

खरं आजारपण होतं तेव्हा लपवलंस आणि आता खोटं आजारपण रचून मला बोलावतेस. तुला एकदा तरी सरळ वागता येतं का गं? तेव्हा नवऱ्याचं दुखणं दडवलंस, आता मुक्या जनावराचं बनवलंस. त्याला उगाच जंताची गोळी द्यायला लावलीस, रिक्षात कोंबायला लावलंस, सुई टोचायला लावलीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्यासारख्यांसाठीच.

डॉक्टर शेवटी आणखी काहीतरी सांगत होता, इस्त्रीवाले काका तुझ्याबद्दल काही म्हणाले वगैरे. मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, मला फक्त कुत्र्याचं सांग.

कुत्रा ठणठणीत आहे. म्हणजे आपला संबंध संपला. यापुढे पत्र लिहू नकोस.

— डॉक्टर


२३ एप्रिल

आई,

तुझं कार्ड आलं. पाकीट असतं तर मी फोडलं नसतं. कार्ड होतं म्हणून, टेबलावर पडल्या पडल्या वाचून झालं.

‘मी कशाला खोटं लिहू? काट्यावर साडेचौसष्ट आले, त्यातून अठ्ठावन्न वजा केले. तू सांगितलंस तसंच केलं. बाकीचं काही लिहायचं नाही असं तूच म्हणाली होतीस, म्हणून लिहिलं नाही. ढेऱ्या बरा आहे हे ऐकून जीव भांड्यात पडला.’

तीन वेळा वाचलं तरी माझा राग होता तिथेच होता. चौथ्या वेळी त्याच कार्डाच्या कोपऱ्यात मी तुझी वजाबाकी मांडली, तुझी चूक काढून दाखवायला. साडेचौसष्ट. तू अठ्ठावन्न वजा केलेस. मी कुत्रा वजा केला. आता त्याचं खरं वजन मला माहीत आहे. साडेचौसष्टातून तेरा गेले.

साडेएक्कावन्न.

साडेएक्कावन्न किलो तू आहेस, आई. जानेवारीत अठ्ठावन्न होतीस.

कुत्र्याचं वजन कधी हललंच नाही. दर महिन्याला तू स्वतः कमी होत होतीस आणि मी ते कुत्र्याच्या नावावर घेत होते. तुझा आकडा एकदाच घे, तुझं काही वरखाली व्हायचं नाही, असं मीच सांगितलं होतं. मी! दवाखान्यात येणाऱ्या मांजरीचं शंभर ग्रॅम कमी झालं तर मालकाला धारेवर धरणारी मी. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं म्हणून वर्गात हसायचो आम्ही. चार महिने मी पखालीला टोचत बसले.

आणि तू तर सगळं लिहिलं होतंस. जेवण जात नाही. उचलताना जड लागतो, दोनदा खाली ठेवावा लागला. पोटदुखीची गोळी घेते. जिने उतरवत नाहीत. कुत्र्याच्या ओळीत सापडेल तिथे खुपसून लिहिलंस, कारण वेगळी ओळ लिहायला मी परवानगी दिली नव्हती. आणि मी त्या गोळ्या उंच ठिकाणी ठेव म्हटलं, कुत्र्याच्या तोंडाला लागू नयेत म्हणून! तू त्या का घेतेस, हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दवाखाना हाताखालच्यांवर सोडलाय. दीड दिवसाचा प्रवास आहे. हे पत्र कदाचित माझ्यानंतर पोचेल, तरी लिहितेय, कारण गाडी सुटायला दोन तास आहेत आणि मला नुसतं बसवत नाही. काकांच्या दुकानात फोन केला होता. ते म्हणाले, ‘पोरी, मी तर महिनाभर सांगतोय त्यांना डॉक्टरकडे चला म्हणून. म्हणतात, आधी कुत्र्याचं होऊ दे.’

जिना उतरू नकोस. दार उघडं ठेव.


६ मे, दुपार

आई,

हे टपालात टाकायचं नाही. तू झोपलीयेस, मी इस्पितळात तुझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेय. उशाखाली ठेवीन. समोर बोलायला गेले की एकतर भांडते नाहीतर खोटं बोलते, म्हणून लिहितेय.

मी तुला सकाळी खोटं सांगितलं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांनी मला बाहेरच्या खोलीत नेलं. जठरात गाठ आहे आणि ती यकृतापर्यंत गेलीय. कापून काढण्यापलीकडे गेलीय. मी विचारलं, जानेवारीत आणलं असतं तर? ते म्हणाले, ‘तेव्हा कदाचित ऑपरेशन करता आलं असतं.’ मग माझं तोंड बघून म्हणाले, ‘सांगता येत नाही हो.’ पण पहिलं उत्तर खरं होतं. मीही लोकांना असंच आधी खरं सांगते आणि मग सांगता येत नाही म्हणते. किती दिवस, विचारलं. पावसाळा पार पडेल, म्हणाले, नीट खाल्लं तर. मग त्यांनी विचारलं, ‘आईंना सांगायचं का?’

मी म्हटलं, नको.

एका क्षणात म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. सहा वर्षं ज्या गोष्टीसाठी मी तुझं तोंड बघितलं नाही, तीच गोष्ट माझ्या तोंडून शिंक यावी तशी बाहेर पडली. तुझ्यापुढे यायच्या आधी हात धुतले, तोंड धुतलं, आरशात बघून चेहरा नीट केला. तू बाबांच्या वेळी हे रोज करत असशील. तीन महिने. आणि वर फोनवर माझ्याशी बोलत असशील, अभ्यास झाला का म्हणून.

माफ केलंय असं समजू नकोस. मला बोलवायला हवं होतंस. एक दिवस, अर्धा दिवस, पेपरच्या मधल्या सुट्टीत तरी. त्यांचा हात मला धरायचा होता, तो तू माझ्याकडून घेतलास आणि तो मला आता कुणी देऊ शकत नाही. पण तशाच एखाद्या खोलीतून बाबांकडे जाताना तू कशी चालली असशील हे आज मला कळलं. आणि माझ्याकडूनही चार महिने गेलेच. तुझ्या अंगावरचं मांस जात होतं आणि मी कुत्र्याचे जंत शोधत होते. त्याची माफी तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही.

सदराला दुरुस्ती पाठवलीय. प्राण्याला उचलून वजन करताना दर वेळी आधी स्वतःचं वजन करावं, पूर्वी दिलेला सल्ला चुकीचा होता. दोन ओळींत छापतील. का ते लिहिलं नाही.

तर मी आत आले. तू उशीला टेकून बसली होतीस. विचारलंस, ‘काय म्हणाले?’

मी म्हटलं, ‘काही नाही गं, अल्सर आहे. गोळ्यांनी बरं होतं. वेळेवर खायचं तेवढं.’

मला वाटलं, तुला पटलं. मग तू पांघरूण बाजूला केलंस आणि म्हणालीस, ‘तुझ्या बाबांनाही मी अल्सरच सांगितला होता. जरा पाय चेप.’

मी खाली बसले आणि पाय चेपायला घेतले. पोटऱ्या हाताला लागल्याच नाहीत, नुसती हाडं होती. तुला झोप लागेपर्यंत मी तशीच चेपत राहिले.